वहीतला किल्लेदार

सतराव्या वर्षी मी त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांच्या वहीत आमच्या मूळ पुरुषाला किल्लेदार करून टाकलं आणि सख्ख्या आत्याचं नाव लिहायला विसरलो. दोन्ही कामं एकाच पेनानं, एकाच बैठकीत, वीसेक मिनिटांत उरकली. त्यानंतरचं सगळं आयुष्य मी इतिहासाच्या अभ्यासात घालवलं, म्हणजे मेलेल्या माणसांच्या थापा पकडण्यात. त्यामुळे कोणी आदरानं विचारलं की आपण इतिहासाकडे कसे वळलात, तर मी घसा खाकरतो, ग्वाल्हेरचा किल्ला, लहानपणचे संस्कार वगैरे काहीतरी सांगतो आणि विषय बदलतो. खरं उत्तर वरच्या पहिल्या वाक्यात आहे.

आमचं घर ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, सराफ्याच्या मागच्या गल्लीत, वरच्या मजल्यावर. खाली दागिने घडवणारे बसत. सकाळी आठापासून त्यांच्या बारीक हातोड्यांची टिकटिक सुरू होई आणि ती आमच्या इतकी अंगवळणी पडली होती की दिवाळीनंतर ते दोन दिवस सुट्टीवर गेले की आईला घरातलं घड्याळ बंद पडल्यासारखं वाटे. घरात माणसं चार. नाना, म्हणजे माझे वडील, सरकारी कचेरीत हेडक्लार्क. आई. मी. आणि सिंधूआत्या, नानांची थोरली बहीण, मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. तिचं लग्न झालं नव्हतं. का झालं नव्हतं याची नात्यात तीन कारणं सांगत, तिन्ही ती खोलीत नसताना. खरं कारण सगळ्यांना ठाऊक होतं. आप्पांना, माझ्या आजोबांना, अर्धांगाचा झटका आला तेव्हा आत्या चोवीस वर्षांची होती, आणि आप्पा त्यानंतर नऊ वर्षं अंथरुणावर होते. आजी आधीच गेलेली. नाना तेव्हा भोपाळला नोकरीवर, ते सणाला येत, वडिलांचे पाय धरत आणि परत जात. आत्या शाळा करायची आणि आप्पांचं सगळं करायची. आप्पांनी पडल्यापडल्या तिला मोडी वाचायला शिकवलं, कारण तिला द्यायला त्यांच्याकडे तेवढंच उरलं होतं.

खाण्यापिण्यात आम्ही ना इकडचे ना तिकडचे. रविवारी सकाळी नाना बाड्याच्या चौकातून बेडई, म्हणजे डाळ भरलेली पुरी, आणि जिलबी घेऊन येत. आत्या म्हणे, "ही बेडईबरोबरची भाजी म्हणजे नुसतं तिखट पाणी," आणि दोन वाट्या पिऊन टाके. दुपारी मात्र चिंचगुळाची आमटी, भाताची मूद, त्यावर तूप. बोलण्यातही तेच. आई पुण्याच्या पाहुण्यांसमोर अगदी जपून बोलायची आणि मध्येच म्हणायची, "अगं बाई, लाइट चालली गेली." मी 'नहाऊन' येत असे. शाळेत मला मुलं 'मरेठा' म्हणत आणि विचारत, "तुम लोग महाराष्ट्र वापस कब जाओगे?" जणू आम्ही सहलीला आलो होतो आणि आमची गाडी चुकली होती.

या सगळ्यावर नानांकडे एकच औषध होतं, ते म्हणजे आमचे मूळ पुरुष दामोदरपंत निमगावकर. हे दामोदरपंत दख्खनेतून फौजेबरोबर आले, तलवार गाजवली आणि कुठल्याशा किल्ल्याचे किल्लेदार झाले. किल्ला कुठला हे नाना प्रसंग बघून ठरवत. मला आता या गोष्टीचा संताप येतो, पण न्यायानं सांगायचं तर यात नाना एकटे नव्हते. ग्वाल्हेरच्या मराठी घरांतून फिरून या, तुम्हाला शिपायाचा पणतू भेटणार नाही. सगळे सरदारांचे. मग लढलं कोण, घोड्यांना खरारा कोणी केला, एवढ्या मोठ्या लष्कराला दोन वेळा जेवायला कोणी घातलं, हे कोणी विचारत नाही. मीही विचारलं नाही. मी तर वर्गात किल्ल्याकडे बोट दाखवून सांगायचो की आमचं असंच एक होतं, जरा लहान.

नानांना नोकरीतली प्रवासाची सवलत मिळाली तेव्हा त्यांनी जाहीर केलं की या वेळी हरिद्वार नाही, मथुरा नाही, आपल्या मुळाकडे जायचं. आधी त्र्यंबकेश्वर, मग निमगाव. त्र्यंबकला आमच्या घराण्याचे उपाध्ये होते. ज्यांना हा प्रकार माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो: तीर्थाच्या ठिकाणी उपाध्यांकडे यजमान घराण्यांच्या वह्या असतात. घरातलं कोणी यात्रेला आलं की ते आपलं गाव, बापाचं, आजाचं, भावांचं, मुलांचं नाव स्वहस्ते वहीत लिहून जातं. पन्नास वर्षांनी नातू येतो, आडनाव आणि गाव सांगतो, आणि उपाध्ये माळ्यावरून बरोबर ती वही काढून आजोबाचं अक्षर त्याच्यापुढे ठेवतात. नाना आप्पांच्या अस्थी घेऊन एकदा तिथे जाऊन आले होते, एकटेच. पण घाईत होते, मागची पानं वाचून घ्यायची राहिली होती. आता त्यांना दामोदरपंतांचा लेख बघायचा होता. कचेरीतल्या लोकांना त्यांनी तसं सांगूनही ठेवलं होतं.

आत्या म्हणाली, "मी पण येते."

नाना म्हणाले, "ताई, तुझी शाळा?"

"रजा टाकली."

आत्यानं रजा टाकली हे ऐकून आईच्या हातातलं लाटणं थांबलं. आप्पा गेले त्या आठवड्याशिवाय तिनं रजा घेतल्याचं कोणाला आठवत नव्हतं. तिला काय हवं होतं हे मला तेव्हा कळलं नाही. कळण्याचा प्रयत्न केला असता तर कळलं असतं, पण मी सतरा वर्षांचा होतो, बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होतो आणि मला मिशी फुटली होती.

प्रवासात पुऱ्या, बटाट्याची सुकी भाजी, आंब्याचं लोणचं आणि उपाध्यांसाठी मुरैन्याची गजक, म्हणजे तिकडची तिळाची वडी, दोन डबे. नाशिकरोडला उतरलो. टांगेवाल्याशी नाना मुद्दाम ठणठणीत मराठीत बोलले. त्यानं चार वाक्यं ऐकून घेतली आणि कौतुकानं म्हणाला, "तुम्ही हिंदी लोक असून मराठी चांगली बोलता की साहेब. कुठं शिकलात?" नानांचा चेहरा असा झाला की मी टांग्याच्या चाकाकडे बघत बसलो. आत्या मात्र तोंडाला पदर लावून हसत होती. पुढचा सगळा रस्ता नाना टांगेवाल्याकडे पाठ करून बसले. त्यांचा राग मला तेव्हा विनोदी वाटला होता. आता वाटत नाही. ज्या मुलुखाच्या नावानं शाळेत टोमणे खाल्ले, त्या मुलुखानं पहिल्या पाच मिनिटांत आम्हाला पाहुणे ठरवलं होतं, आणि तेही प्रेमानं, म्हणजे भांडायचीही सोय नाही.

उपाध्ये गुरुजी साठीचे, अंगानं किरकोळ, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. नानांनी आडनाव सांगितलं. गुरुजी आत गेले आणि लाल फडक्यात बांधलेली लांबट, अरुंद वही घेऊन आले. फडकं सोडताना कापूर आणि जुन्या कागदाचा वास आला. तो वास पुढे आयुष्यभर माझ्या नाकात बसणार होता, पण त्या क्षणी मला शिंक आली आणि गुरुजींनी वही घाईनं बाजूला घेतली. त्यांनी मागची पानं उलटली, बोरूनं लिहिलेल्या मोडी ओळींवर बोट ठेवलं आणि वाचू लागले. आत्या त्यांच्या खांद्याच्या मागून डोकावून स्वतःच वाचत होती, त्यांच्या अर्धी ओळ पुढे.

"दामोदर बिन बाळाजी निमगावकर, राहणार मौजे निमगाव, हल्ली मुक्काम लष्कर ग्वाल्हेर," गुरुजी थांबले, चष्मा सारखा केला. "चाकरी मुदपाकखाना."

नाना म्हणाले, "म्हणजे?"

"म्हणजे स्वयंपाकघर, यजमान. सरकारी मुदपाकखाना. आचारी असतील."

"नीट बघा गुरुजी. मोडीत एकाचं दुसरं होतं."

"तेच आहे, भाऊ," आत्या मागून म्हणाली. "स्वच्छ अक्षर आहे."

आईनं गजकेचा डबा उगाच पुढे सरकवला. गुरुजींनी आमचं अवघडणं ओळखलं असावं, कारण त्यांनी भराभर पानं उलटून शेवटचा, नानांनी स्वतः लिहिलेला लेख काढला. यजमानाला आपलं अक्षर बघून बरं वाटतं. त्यांनी तो मोठ्यानं वाचला. आप्पांचं नाव, तिथी, गाव. "संतती, पुत्र एक."

आत्यानं विचारलं, "आणि मुलगी?"

"लेखात नाही, बाई."

"लिहीत नाहीत का मुलींची?"

आता इथे सोवळ्यातल्या म्हाताऱ्यावर सगळं ढकलून देणं मला सोयीचं झालं असतं. पुढे परिसंवादांत मी ही गोष्ट सांगताना दोनदा तसं केलंही आहे. पण गुरुजी शांतपणे म्हणाले, "यजमान सांगतील ते आम्ही ठेवतो. वही तुमची, हात तुमचा. मुलगी लग्न होऊन गेली की तिचं नाव सासरच्या वहीत जातं, म्हणून लोक लिहीत नाहीत."

"माझी सासरची वही नाही," आत्या म्हणाली. तक्रार नव्हती तिच्या आवाजात. फळ्यावर उदाहरण मांडावं तसं म्हणाली.

नाना लाल झाले. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं, हे मी शपथेवर सांगतो. ते म्हणाले, "ताई, माझ्या डोक्यातच नाही आलं त्या वेळी. आता लिहू ना. श्रीधरचं अक्षर चांगलं आहे, तो लिहील. श्रीधर, आप्पांची मुलगी म्हणून ताईचं नाव लिही, पूर्ण." गुरुजींनी नवीन पानाच्या वरच्या भागावर बोटानं हद्द दाखवली: इथपासून इथपर्यंत निमगावकर, खालची जागा एका इंदूरच्या कुटुंबासाठी, ते दर्शनाला गेलेत. आई आणि आत्या कुशावर्तावर स्नानाला गेल्या. जाताना आत्यानं मागे वळून माझ्याकडे बघितलं. एवढंच.

मी पेन उघडलं. समोर नाना बसले होते, गुडघ्यांवर हात ठेवून, कुठेच न बघता. दोन माणसांना त्या ओसरीवर लागलं होतं, आणि मी पट्टी बांधायला गेलो ती नेमकी चुकीच्या माणसाला. मी लिहिलं: आमचे मूळ पुरुष श्रीमंत दामोदरपंत हे रणशूर असून त्यांस किल्लेदारी होती. लिहिल्यावर ते इतकं छान दिसलं की मी पुढे चाललो. तलवार आली. घोडा आला. शत्रूची दाणादाण झाली. दामोदरपंतांना एक पांढरं निशाण मिळालं, ते कोणी दिलं हे मी मोघम ठेवलं. मग नानांचं नाव हुद्द्यासकट, मग माझं, पुढे 'बी.एस्सी. प्रथम वर्ष'. नानांनी वाचलं. त्यांचे ओठ किंचित हलले, डोळे वर आले, आणि त्यांनी मला नाही म्हटलं नाही. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. त्या हाताचा मला अजून राग येतो, आणि तो हात अजून हवाही वाटतो.

आत्या ओल्या केसांनी आली, चष्मा पुसला, वही मांडीवर घेतली आणि सुरुवातीपासून वाचायला लागली. तिला तपासायची सवय होती, ती ओळ गाळत नसे. शेवटपर्यंत गेली. मग पान उलटून मागे बघितलं, तिथे दुसरं काही आहे का म्हणून. त्या क्षणी मला आठवलं. मी म्हणालो, "आत्या, इथे बाजूला जागा आहे, आडवं करून लिहितो. मस्त बसेल."

"समासात?"

"हो ना. बारीक अक्षरात."

"राहू दे," ती म्हणाली. तिनं वही मिटली, फडकं गुंडाळलं, गाठ मारली आणि गुरुजींच्या हातात दिली. "समासात नको." मग आईला म्हणाली, "वहिनी, चल, दर्शनाची रांग वाढेल."

निमगावला आम्ही गेलो. तिथे आमचं काहीही नव्हतं. एका माणसानं शेताकडे हात करून सांगितलं, असेल इकडंच कुठंतरी. नानांनी तिथली माती रुमालात बांधून घेतली. परतीच्या गाडीत आत्या खिडकीशी बसली होती. भुसावळपर्यंत मी तिच्यासाठी तीन वेळा चहा आणला. तिसऱ्या कपाला ती म्हणाली, "तो आचारी होता म्हणून हजार माणसं जेवली. तुझ्या किल्लेदारानं काय केलं रे?"

मी म्हणालो, "आत्या, चुकून झालं."

"चुकून एक शब्द होतो, श्रीधर. तू बारा ओळी लिहिल्यास." रिकामा कप माझ्या हातात देत म्हणाली, "परवापासून सकाळी साडेसहाला माझ्यासमोर बसायचं. ज्याला वाचता येत नाही त्यानं वहीत लिहू नये."

म्हणजे मोडी शिकायची. शिक्षाच होती ती. ग्वाल्हेरच्या जानेवारीत सकाळी साडेसहाला गोधडीतून निघणं यातच अर्धी शिक्षा झाली. आप्पांच्या पेटीतली जुनी पत्रं ती पुढे टाकायची, स्वतः भाजी चिरायची आणि मी अडलो की मान वर न करता सांगायची, "तो 'ध' नाही, पुढचं वाच, मग मागचं कळेल." ती पत्रं कोणा थोराची नव्हती. कोणाची गाय हरवली होती, कोणी जावयावर रुसलं होतं, एका विधवा बाईनं कोणाकडून तरी दिराला लिहवलं होतं की माझ्या मुलाला मुंजीला तरी घरी बोलवा. त्या बाईचं नाव पत्रात कुठेच नव्हतं. नुसतं 'तुमची वहिनी'. मी आत्याला विचारलं, हिचं नाव काय असेल? ती म्हणाली, "शोध." मी चार महिने शोधलं, मिळालं नाही, आणि माझी बी.एस्सी. गेली. म्हणजे मीच सोडली. नानांनी घर डोक्यावर घेतलं. "हिस्ट्री? हिस्ट्री घेऊन काय करशील, किल्ल्यावर गाइड बनशील?" ज्या माणसानं मला किल्लेदाराच्या गोष्टीवर वाढवलं त्यानं हे म्हणावं. मी तसं बोलूनही दाखवलं आणि चार दिवस आमचं बोलणं बंद होतं.

एम.ए.ला असताना पोर्तुगालहून एक अभ्यासक बाई आमच्या कॉलेजात आल्या. लिस्बनच्या दफ्तरात मराठी दरबारांतून गोव्याला गेलेली पत्रं पडून होती, मोडीत, आणि तिथे वाचणारं कोणी नव्हतं. त्यांनी एक नक्कल माझ्यापुढे ठेवली. मी पाच ओळी धडाधड वाचल्या आणि सहावीत अडकलो. म्हणालो, उद्या सांगतो. घरी आत्या पोळ्या करत होती. तिनं तव्यावरची पोळी उलटली, कागद उजेडात धरला आणि उरलेलं सगळं वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी मी ते जसंच्या तसं बाईंना सांगितलं. त्या थक्क झाल्या. शिष्यवृत्ती मला मिळाली.

इथे थोडा थांबतो. मी हे लिस्बनमध्ये बसून लिहितो आहे. शेजारची म्हातारी मासे तळते आहे आणि तो वास माझ्या वरणात मिसळतो आहे. इतकी वर्षं इथे राहिलो, इथल्याच मुलीशी लग्न केलं, इथल्या विद्यार्थ्यांना शिकवलं, आणि या सगळ्याच्या मुळाशी सहावी ओळ आहे, जी मला येत नव्हती. मी तेव्हा आत्याला म्हणालो होतो, "खरं तर तू जायला हवं." ती म्हणाली, "माझ्या पोरींची सहामाही आहे." मी लगेच मान्य केलं. किती लगेच मान्य केलं ते मला आठवतं, म्हणून स्वतःचा राग येतो.

व्हिसाच्या कामाला मुंबईला गेलो होतो. परतताना नाशिकरोडला उतरलो, कोणाला न सांगता. गुरुजी थकले होते, पण वही तीच, फडकं तेच. मी म्हणालो, माझा मागचा लेख खोडायचा आहे.

"खोडता येत नाही," गुरुजी म्हणाले.

"पण तो खोटा आहे. माझाच आहे, मीच सांगतोय."

"असू दे. वहीत काट मारली की उद्या सगळी वहीच कोणी मानणार नाही. खोटं लिहिलंत, ते तुमच्या नावावर राहील. पुढे खरं लिहा, तेही राहील. वाचणारा ठरवेल." आणि त्यांनी मला अख्खं कोरं पान दिलं. या वेळी हद्द दाखवली नाही.

मी दोन तास लिहीत होतो. मधे गुरुजींच्या सूनबाईंनी चहा आणून ठेवला, तो गार झाला. लिहून झाल्यावर एका कागदावर त्याची नक्कल करून घेतली. गाडीत ती चारपाच वेळा वाचली आणि दर वेळी मला स्वतःबद्दल अधिकाधिक चांगलं वाटत गेलं.

(आताची गोष्ट. पुण्याच्या नातेवाइकांनी मध्यंतरी आमचा कुलवृत्तांत छापला, जाड पुठ्ठ्याचा, रंगीत. पान नऊवर श्रीमंत दामोदरपंत किल्लेदार, डोक्यावर पगडी, मागे चित्रकारानं काढलेला किल्ला, आणि खाली 'आधार: त्र्यंबकेश्वर येथील अस्सल वही'. वंशवृक्षात दीडशे पुरुष आणि एकही बाई नाही. हे सगळे बहुधा झाडालाच लागले असावेत. पुतणे मंडळी टेम्पो ट्रॅव्हलर करून दर वर्षी त्र्यंबकला जातात, माझ्या बारा ओळींवर हात ठेवून फोटो काढतात आणि मला पाठवतात. मी संपादकांना कळवलं की त्याच वहीत पुढे माझाच खुलासा आहे, तो छापा. उत्तर आलं की लेखक परदेशस्थ असल्यामुळे दुसरा लेख ग्राह्य धरता येत नाही. पहिला लेख याच लेखकाचा, याच हाताचा, तेव्हा मिशीसुद्धा नीट आली नव्हती, तो चालला. वर एका काकांनी फोन करून विचारलं, "तुला आपल्या पूर्वजांची लाज वाटते का?" मी म्हणालो, पूर्वजांची नाही, काका. त्यांनी फोन ठेवला.)

घरी पोचलो तेव्हा दुपारचं ऊन गच्चीवर आलं होतं आणि आत्या सुपात मटार सोलत बसली होती. आई बाजूला लोकरीचा गुंडा करत होती. मी बूटही न काढता म्हणालो, "आत्या, त्र्यंबकला जाऊन आलो. लिहून आलो."

तिचा हात थांबला. "काय लिहिलंस?"

"तुझं नाव. आणि खरं सगळं."

"बघू."

मी नक्कल तिच्या हातात दिली आणि समोर उभा राहिलो. पस्तिशीनंतर माणसं रडत नाहीत असा माझा समज होता, त्यामुळे ती रडली तर काय म्हणायचं हेसुद्धा मी गाडीत ठरवून ठेवलं होतं. आई म्हणाली, "वाच ना वन्सं, मोठ्यानं." आत्यानं चष्मा लावला. ती पहिल्या ओळीपासून वाचू लागली. आधी माझा अपराध होता. तो सविस्तर होता. मी कोणत्या वयात, कोणत्या मोहानं, कसा खोटं बोललो, पुढे मला पश्चात्ताप कसा झाला, मी मोडी कशी कष्टानं शिकलो, इतिहासाच्या अभ्यासकाचं कर्तव्य काय असतं, आणि आता मी परदेशी निघालो असताना हे ओझं उतरवून कसा जातो आहे. एक सुभाषितही होतं. मग दामोदर आचारी, चार ओळी. मग नाना. मग मी, पुढे 'एम.ए.' आणि शिष्यवृत्तीचा उल्लेख. अगदी तळाशी, शेवटची ओळ: 'आप्पांस कन्या सिंधू, हीही.'

आत्यानं ती ओळ वाचली. मग बोटानं वरून खाली ओळी मोजल्या, जशी ती वह्या तपासताना मोजायची.

"आईचं नाव नाही," ती म्हणाली.

"कोणाच्या आईचं?"

"माझ्या. तुझ्या आजीचं. मी काय एकट्या आप्पांची होते?"

आईनं लोकर खाली ठेवली. मला आजीचं नाव माहीत होतं, लहानपणापासून माहीत होतं, आणि त्या क्षणी ते जिभेवर येईना. आत्यानं ते यायची वाट बघितली. मग कागदाची घडी केली, माझ्या हातात परत दिली, सूप मांडीवर ओढलं आणि एक शेंग मोडली.

"मागच्या वेळी खोटं लिहून सगळी जागा तू घेतलीस," ती म्हणाली. "या वेळी खरं लिहून घेतलीस."